वगळलेलं नाही, म्हणजे धरलेलं

दादा-वहिनी मे महिन्यात बँकॉकहून डोंबिवलीला आले की गोदरेजचं कपाट एकदा तरी उपसावं लागतं. या खेपेला लेकीच्या ओसीआय कार्डासाठी दादाचा जुना, रद्द झालेला पासपोर्ट हवा होता. तो काही सापडला नाही. सापडली एक निळी प्लॅस्टिकची फाइल, वर आईच्या अक्षरात ‘बँकॉक – फेकू नये’.

संध्याकाळी अण्णामामा चहाला आला आणि फाइल नेमकी त्याच्या हाती पडली. मामा सरकारी सामान्य विमा कंपनीतून निवृत्त झालेला, शेवटची बरीच वर्षं अंडररायटिंगमध्ये घालवलेला माणूस. कागद दिसला की चष्मा कपाळावरून नाकावर येतो. त्यानं अंगठा ओला करून पानं उलटली आणि एका पत्राशी थांबला.

“हे पत्र तुला माझ्यामुळे मिळालं.”

“अकरा दिवसांनी,” दादा म्हणाला.

एवढं पुरलं. हा वाद २०२० पासून आमच्या घरात हप्त्याहप्त्यानं चालू आहे. पण त्या दिवशी दोघं एका खोलीत होते, लाइट गेलेली होती आणि आयपीएल बघता येत नव्हतं. मी रात्री आठवून लिहून काढलं. मधूनमधून मीही बोलले होते, पण माझं कुणी ऐकलं नाही, म्हणून ते गाळते.

वाचकांसाठी थोडं मागचं. मार्च २०२० मध्ये बाबांची बायपास होती म्हणून दादा पंधरा दिवसांसाठी एकटाच आला. वहिनी थाई, तेव्हा चौथा महिना चालू, घर बँकॉकला लागून असलेल्या नोंथाबुरीत. २२ मार्चला आपल्याकडे येणारी आंतरराष्ट्रीय विमानं थांबली. २६ मार्चला थायलंडमध्ये आणीबाणीचा हुकूम निघाला आणि परदेशी माणसाला दार बंद झालं. नवरा परदेशी असला तर तोही परदेशीच. ऑगस्टमध्ये मुलगी झाली ती दादानं व्हॉट्सॲपवर बघितली.

“तुझं दुःख मला कळतं रे,” मामा म्हणाला. “पण थायलंडनं तुमच्यावर अन्याय केला हे मी मान्य करणार नाही. दार पहिल्यांदा किलकिलं झालं ते १ जुलै २०२० ला, आणि त्या पहिल्या यादीत कोण होतं? थाई माणसाचा नवरा-बायको, आईबाप, मुलं. वर्क परमिटवाले. कायमचे रहिवासी. पर्यटकांना ऑक्टोबरपर्यंत विचारलंसुद्धा नाही. म्हणजे तुला वगळलं नव्हतं.”

“वगळलं नव्हतं. पण धरलंही नव्हतं.”

मामा हसला. हे त्याचंच वाक्य होतं.

त्या वाक्याची गोष्ट अशी. थायलंडला जायचं तर वकिलातीकडून प्रवेशाचं प्रमाणपत्र लागे, सीओई. त्यासाठी लग्नाचा दाखला, बायकोच्या ओळखपत्राची प्रत, चौदा दिवसांच्या हॉटेलाचं बुकिंग आणि किमान १ लाख डॉलरचा आरोग्य विमा, ज्यात कोविड-१९ धरलेला आहे असं स्वच्छ लिहिलेलं हवं. विमानात बसण्याआधी फिट-टू-फ्लाय आणि ७२ तासांच्या आतला आरटी-पीसीआर हे पुन्हा वेगळं. दादाकडे परदेश प्रवासाची पॉलिसी होती, रक्कमही पुरेशी होती. पण त्यात कोविडचा उल्लेख नव्हता. कंपनीला विचारलं तर उत्तर आलं: आमच्या पॉलिसीत सगळे आजार धरलेले असतात, फक्त वगळलेल्यांची यादी असते, कोविड त्या यादीत नाही, तेव्हा तो धरलेलाच आहे, वेगळं लिहून देण्याची पद्धत नाही. वकिलातीच्या खिडकीवरचं उत्तर: लिहिलेलं नाही, म्हणजे धरलेलं नाही.

“दोन्ही बाजू बरोबर होत्या,” मामा म्हणाला. “हेच तर तुला तेव्हाही सांगत होतो. पॉलिसीची भाषाच तशी असते. मी आज कोविडचं नाव घालून पत्र दिलं, तर उद्या डेंग्यूवाला म्हणेल माझं नाव कुठे आहे? एकाचं नाव लिहिलं की बाकीचे बाहेर पडतात.”

“आणि अकरा दिवस मी काय करत होतो? विम्याच्या पत्रावर प्रवासाची तारीख हवी. तारखेसाठी तिकीट हवं. खास विमानाचं तिकीट सीओईशिवाय पक्कं होत नाही. आणि सीओईसाठी विम्याचं पत्र हवं. मी गॅलरीत उभा राहून तुला फोन लावत होतो.”

“मी लावले ना पुढचे फोन.”

“लावलेस. म्हणूनच सांगतो, मामा नसलेल्यांनी काय करायचं?”

मामानं बिस्किट चहात बुडवलं. यावर तो कधीच बोलत नाही.

मग दादानं आपला ठरलेला मुद्दा काढला, आणि मला अजूनही वाटतं की सगळ्या वादात तोच सर्वांत जड आहे. “समज, ही माझ्याबरोबर इथे आली असती आणि आम्ही दोघं एकाच विमानानं परत गेलो असतो. शेजारच्या सीटवर. हिला विम्याचा कागद लागला नसता. हिला क्वारंटाइन सरकारी खर्चानं. मला हॉटेलचे ४२ हजार बात, म्हणजे आपले लाखाच्या घरात. घर एक, जेवणाचं ताट एक. विषाणू काय पासपोर्ट बघून बसतो?”

“विषाणू नाही बघत. बिल बघतं,” मामा म्हणाला. “हिच्या आजारपणाची सोय त्यांच्या सरकारनं करून ठेवलीय. ती ३० बातवाली योजना, २००२ पासून. ती त्यांच्या नागरिकाला आहे. तू दवाखान्यात पडलास, महिनाभर व्हेंटिलेटरवर राहिलास, तर पैसे कुणी द्यायचे? त्या देशानं परदेशी माणसांची थकलेली बिलं आधीपासून भोगलीत. महामारीच्याही आधी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, त्यांनी निवृत्त होऊन राहायला येणाऱ्यांच्या एका व्हिसाला विमा सक्तीचा केला. हे काही तुला बघून सुचलेलं नाही.”

“निवृत्त माणूस ऊन खायला येतो. मी घरी जात होतो.”

“कागदावर दोघांचाही पत्ता परदेशीच.”

“कागदाचं मला सांगू नकोस. लग्नावरचा व्हिसा दरवर्षी वाढवून घ्यावा लागतो, माहितीय? त्यासाठी ४ लाख बात बँकेत ठेवून दाखवतो. घराचा नकाशा हातानं काढून देतो, देवळापासून उजवीकडे, सेव्हन-इलेव्हनच्या मागे. घराच्या नंबराच्या पाटीखाली आम्ही दोघं उभे राहून फोटो काढतो. ते त्यांच्या फायलीत जातात. एवढं सगळं दरवर्षी बघून झाल्यावरसुद्धा मी कोण, हे त्यांना नव्यानं विचारावंसं वाटलं.”

या फोटोंची आमच्याकडे थट्टा होते. प्रत्येक वर्षी तीच पाटी, तेच दोघं. दादाचे केस तेवढे कमी होत गेलेले. २०२१ च्या फोटोत पहिल्यांदा तिसरं माणूस आलं.

मामानं मोर्चा फिरवला. “बरं, तू आपल्याकडचं बघ. ११ मार्च २०२० ला आपल्या सरकारनं जाहीर केलं, जवळजवळ सगळे व्हिसे स्थगित. ओसीआय कार्ड, ज्याला आपण जन्मभराचा व्हिसा म्हणतो, त्याचीही सवलत गोठवली. मे महिन्याच्या २२ तारखेला थोडी सूट दिली, तीही मोजक्यांना: परदेशात जन्मलेली भारतीय आईबापांची लहान मुलं, घरात कुणी गेलं असेल असे, नवरा-बायकोतला एक भारतीय आणि एक ओसीआय असून कायमचं घर भारतात असेल असे. बाकीच्यांतल्या बऱ्याच जणांना ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागलं. थायलंडनं निदान विमा मागितला. आपण विमासुद्धा मागितला नाही, थेट कडी लावली.”

“म्हणून तर हिला इकडे बोलावता आलं नाही. हेच तर म्हणतोय मी. तिकडे नवरा परदेशी, इकडे बायको परदेशी. दोन्ही सरकारं आपापल्या माणसाला जपत होती आणि लग्न मधल्या समुद्रात.”

मामा जरा गप्प झाला. मग म्हणाला, “अमेरिकेनं ४ मे २०२१ पासून भारतातून येणाऱ्यांवर बंदी घातली, तेव्हा अमेरिकी नागरिकांच्या आणि ग्रीन कार्डवाल्यांच्या नवरा-बायकोला बंदीतून वगळलं होतं. विमा नाही, काही नाही.”

“हे माझ्या बाजूचं झालं.”

“थांब, पुढे ऐक. एच-वन-बीवर गेलेली आपली पोरं, आई-वडिलांना बघायला दुसऱ्या लाटेत आलेली, ती इथेच अडकली. पुण्यात किती होती. त्यांचं घर, गाडी, पोरांची शाळा सगळं तिकडे. आणि ऑस्ट्रेलियानं तर त्याच मे महिन्यात स्वतःच्या नागरिकांना बजावलं की भारतातून आलात तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दोन आठवडे टिकला तो नियम, पण केला. सगळ्या जगात हेच चाललं होतं. त्यात थायलंड सभ्य.”

“सभ्य? १ मे २०२१ पासून त्यांनी भारतातून येणाऱ्या परदेशी माणसांची दिलेली प्रमाणपत्रंसुद्धा रद्द केली. थाई माणसं येऊ शकत होती. आमच्या ओळखीतला एक नगरचा गृहस्थ वडिलांच्या दिवसांसाठी आला होता. बायको-मुलं तिकडे. हातात सीओई, हातात विमा, विम्याचे पैसे भरलेले. आता तो विमा कशासाठी होता? तो आजारी पडला तर बिल भरायला ना? मग बिलाची सोय असूनही दार का लावलंत?”

“डेल्टा होता, बाबा.”

“मग पैशाचा मुद्दा नव्हता असं म्हण.”

इथे खरं तर वाद संपायला हरकत नव्हती. पण मामा विम्याचा माणूस. त्याला कोपऱ्यात ढकललं की तो आकडे काढतो. थायलंडचं त्यानं तेव्हा बरंच वाचलं होतं, भाच्यासाठीच. चीनबाहेरचा जगातला पहिला रुग्ण तिथेच सापडला, १३ जानेवारी २०२० ला. तरी त्या वर्षाअखेर त्यांचे मृत्यू शंभराच्याही आत होते. मेअखेरपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत सलग शंभर दिवस देशातल्या देशात एकही लागण नाही. “सात कोटींच्या आसपास वस्ती असलेला देश. आपल्याकडे तेव्हा एकट्या डोंबिवलीत काय चाललं होतं ते आठव. ते दार सैल सोडतील?”

“मग हेही आठव,” दादा म्हणाला. “जुलैमध्ये घबराट कुणामुळे झाली? इजिप्तचा सैनिक रायोंगच्या हॉटेलात उतरला, त्याच्याबरोबरचे लोक मॉलमध्ये हिंडले. सुदानच्या राजनैतिक अधिकाऱ्याच्या कुटुंबातली मुलगी बँकॉकच्या एका इमारतीत. दोन्हीकडे नियमातून सूट मिळालेली माणसं. डिसेंबरात साथ भडकली ती समुत साखोनच्या कोळंबीच्या बाजारातून. पुढच्या एप्रिलात थोंगलोरच्या नाइटक्लबांतून. यात बायकोकडे निघालेला नवरा कुठे दिसतो का तुला? आणि २०२१ च्या सुरुवातीला त्यांनी गोल्फ क्वारंटाइन काढलं. कोरियाहून माणसं आली आणि विलगीकरणाच्या दिवसांत गोल्फ खेळली. मी अकराव्या मजल्यावर, खिडकी उघडत नाही अशा खोलीत.”

त्या खोलीबद्दल दादा एरवी बोलत नाही. त्या दिवशी बोलला, कारण वहिनी आत लेकीला झोपवत होती. सप्टेंबरची अखेर. दाराबाहेर एक खुर्ची. तिच्यावर दिवसातून तीनदा जेवणाची पिशवी ठेवून कुणीतरी बेल वाजवून निघून जाई. सकाळ-संध्याकाळ ताप मोजून ‘लाइन’ ॲपवर नर्सला आकडा कळवायचा. दोन चाचण्या. सहाव्या दिवशी वहिनी टॅक्सी करून हॉटेलसमोर आली आणि पलीकडच्या फुटपाथवर उभी राहिली. दादानं खोलीतला दिवा लावून-विझवून खूण केली. तिनं दुपट्यातलं बाळ वर उचललं. अकराव्या मजल्यावरून त्याला फक्त दुपट्याचा पिवळा रंग दिसला. मग पाऊस आला आणि ती सेव्हन-इलेव्हनच्या छपराखाली सरकली, ते खिडकीतून दिसत नव्हतं.

मामा हे पहिल्यांदाच ऐकत होता बहुतेक. त्यानं फाइल मिटली, परत उघडली.

“तरीसुद्धा,” तो म्हणाला, पण आवाज खाली आलेला. “विमा मागणं चूक नाही. युरोपचा शेंगेन व्हिसा घे. ३० हजार युरोचा विमा लागतो. आपली माणसं केसरी-वीणाच्या टूरला जातात, मुकाट्यानं घेतात. तेव्हा कुणी रडत नाही.”

“दुसऱ्या सदस्य देशात राहणाऱ्या युरोपीय नागरिकाच्या बायकोला तो लागत नाही. त्यांनी तिला पर्यटकांतून बाजूला काढलंय. तेवढंच मागतोय मी. फुकट उपचार नको होते मला. फक्त टूरवाल्यांच्या रांगेत उभं करू नका.”

“बरं, मग १ लाख डॉलर. म्हणजे तेव्हाचे आपले साधारण ७५ लाख. त्याच जुलैत आपल्याकडे ‘कोरोना कवच’ निघाली, तिची कमाल रक्कम ५ लाख. हे अंतर मलाही खटकलं होतं. एवढा आकडा आला कुठून?”

“तूच सांग. १ नोव्हेंबर २०२१ ला सीओई जाऊन ‘थायलंड पास’ आला आणि आकडा ५० हजारांवर. १ मे २०२२ ला १० हजार. १ जुलैला शून्य. आता गंमत बघ. २०२० च्या जुलैत देशात लागण जवळजवळ नाही, तेव्हा १ लाख. २०२१ च्या नोव्हेंबरात रोज हजारोंनी रुग्ण, तेव्हा निम्मे. आजार वाढला आणि विमा उतरला. तो आकडा आजाराचा नव्हता, मामा, हॉटेलं किती रिकामी आहेत त्याचा होता.”

“लस आली होती मधे. उपचाराचा खर्च किती येतो ते कळलं होतं. धोका कळला की रक्कम उतरतेच. अंडररायटिंग यालाच म्हणतात.” हे मामानं झटकन सांगितलं, आणि मला वाटतं इथे तो बरोबर आहे. दादाचा आरोप ऐकायला खमंग आहे, पण हिशेबात लस धरत नाही.

पण मग मामाच स्वतःहून पुढे गेला. “मला खरा राग कशाचा आला सांगू? ओमायक्रॉनच्या वेळी, जानेवारी २०२२. विमानतळावरून हॉटेलात आलेला माणूस पॉझिटिव्ह निघाला, ताप नाही, खोकला नाही. नियमाप्रमाणे त्याला दवाखान्यात किंवा दवाखाना केलेल्या हॉटेलात नेत. आठ-दहा दिवसांचं बिल. मग तो विमा कंपनीकडे गेला की परदेशातल्या कित्येक कंपन्या म्हणत, लक्षणं नाहीत, उपचारांची गरज नव्हती, आम्ही देणार नाही. कंपनी तिच्या जागी चूक नाही. आरोग्य विमा वैद्यकीय गरजेचे पैसे देतो. सरकारी हुकूम हा आजार नव्हे.”

“आपल्या ‘कोरोना रक्षक’चं तरी काय होतं?”

“तिच्यात पॉझिटिव्ह आणि ७२ तास भरती, दोन्ही लागायचं. मुद्दाम. थायलंडच्या कंपन्यांनी ती अट न घालता पॉलिसी विकल्या: ‘जे, जाय, जोप’. सापडला, दिले, संपलं. नुसती चाचणी पॉझिटिव्ह आली की एकरकमी पैसे. २०२१-२२ मध्ये त्यात त्यांच्या चार कंपन्यांचे परवाने गेले.” असे किस्से सांगताना मामाचा चेहरा अजूनही खुलतो, दुसऱ्याच्या अंडररायटिंगची चूक हा त्याचा आवडता साहित्यप्रकार आहे. “ते असो. त्या लक्षणं नसलेल्या माणसाचं बघ. ज्यानं प्रीमियम भरला त्याला संरक्षण नाही. दवाखान्याचे पैसे बुडू नयेत म्हणून तू कागद आणायचास. याला आमच्या धंद्यात विमा म्हणत नाहीत.”

“मग काय म्हणतात?”

“जामीन.”

दादानं टाळी दिली नाही. त्याला ही कबुली सहा वर्षांपूर्वी हवी होती.

“पण जामीनसुद्धा मागतातच ना रे लोक,” मामा पुढे म्हणाला. “अनोळखी माणसाला कर्ज देताना बँक मागते. त्यात अपमान काय?”

“अनोळखी माणसाला. दरवर्षी पाटीखाली फोटो काढणाऱ्याला?”

तेवढ्यात लाइट आली, पंखा घरघरला आणि फाइलमधले सुटे कागद उडाले. वहिनी बाहेर आली. ती मराठी समजते सगळं, बोलते मोजकं. मामानं तिलाच पंच केलं: “तू सांग गं, तुमच्या सरकारचं चुकलं की नाही?”

तिनं जमिनीवरचे कागद गोळा केले. विम्याचं पत्र कुठलं ते तिला वाचता येत नाही, पण त्यावरचा निळा शिक्का ओळखीचा असावा. “मामा, दोन हजार वीसमध्ये माझी आई घाबरत होती. हा बाहेरून येणार, घरात लहान बाळ. आई म्हणाली, चौदा दिवस बरं आहे.” मग जरा थांबून, “मी पण म्हणाले, बरं आहे. याला सांगितलं नाही.”

दादा तिच्याकडे बघत राहिला. मामानं चष्मा कपाळावर ढकलला आणि या खेपेला जिंकल्याचा काही आव आणला नाही. तो परत त्या पत्राकडे वळला. कंपनीच्या लेटरहेडवर दोनच ओळी: या पॉलिसीत कोविड-१९ च्या उपचारांचा समावेश आहे, कमाल रक्कम १ लाख अमेरिकी डॉलर. खाली आडवीतिडवी सही.

“हा पोरगा माझ्या हाताखाली होता,” मामा म्हणाला. “घाबरत घाबरत सही केलीन. खरं सांगतो, त्या खुर्चीत मी असतो ना, तर मी हे लिहून दिलं नसतं.”

“माहितीय,” दादा म्हणाला. “म्हणून तर आईनं तुला फोन करायला लावला. नाही कसं म्हणतात ते तुला ठाऊक होतं.”

मामानं पत्र नीट घडी करून फाइलमध्ये सरकवलं. वहिनीनं फाइल त्याच्या हातातून घेतली आणि कपाटात, होती त्याच कप्प्यात ठेवली. जुना पासपोर्ट अजून सापडायचा आहे.